आठवड्यातून तीनदा मिरजेची वारी

मिरज म्हटले की कुणाला तंबोरा आठवतो, कुणाला रेल्वेचे जंक्शन आठवते. आमच्या कवठेमहांकाळ, जत, सांगोला भागातील माणसाला विचाराल तर तो आधी दवाखाना सांगेल. "त्याला मिरजेला नेलंय," एवढे कुणी पारावर बोलले की ऐकणारा पुढचे विचारत नाही. दुखणे गावच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेले, हे त्यातच आले.

ही ओळख आजकालची नव्हे. 1894 साली विल्यम वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी इथे रुग्णालय उघडले. पुढे 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. रेल्वेमुळे कर्नाटकातून आणि पंढरपूरकडून माणसे येणे सोपे झाले, डॉक्टर वाढले, औषधांची दुकाने वाढली, आणि आज स्टेशनापासून गावात शिरेपर्यंत दवाखान्यांच्या पाट्या वाचतच जावे लागते.

या मिरजेला आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गेली दोन वर्षे आठवड्यातून तीन वेळा जातात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. रक्तदाब कधी वाढला ते कळले नाही आणि कळले तेव्हा उशीर झाला होता. वय चव्वेचाळीस. रान तीन एकर, त्यात एक एकर द्राक्षबाग. आक्काला प्रत्येक वेळी घर सोडणे जमत नाही, म्हणून मीही वरचेवर त्यांच्या सोबतीला जातो. पंढरीची वारी वर्षातून दोनदा चुकली तर विठोबा रागावत नाही. ही वारी मात्र एकदाही चुकवून चालत नाही.

वाटेवरची गंमत

पहाटेची एसटी धरावी लागते. पंढरपूरकडून मिरजेला जाणारा हा रस्ता आता रुंद झाला आहे. दिवस उगवता उगवता दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसू लागतात, मध्येच बेदाण्याच्या शेड लागतात, आणि भोसे जवळ आले की दंडोबाचा डोंगर दिसतो. दाजींचे लक्ष सगळे बागांकडे. "ह्याची छाटणी आठ दिस उशिरा झाली बघ," "ह्याच्या काडीला ताकद न्हाई." चालत्या गाडीतून त्यांना एवढे कसे दिसते कोण जाणे. मी त्यांना बोलू देतो. तेवढा वेळ ते आजारी नसतात.

या मुलखाला पूर्वी पाणी नव्हते. म्हैसाळच्या योजनेने कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलले आणि इकडच्या कोरड्या माळावर आणून सोडले. तेव्हापासून पाण्याची पाळी म्हणजे काय, हे इथल्या पोराटोरांनाही कळते. पाळी आली की रात्र असो, थंडी असो, उठून जावे लागते. दाजी म्हणतात, "माझंबी तसंच झालंय. जे आपसूक वाहत हुतं, ते आता पंपावर आलंय. पाळी आली की जायाचं."

चार तासांची खोली

दवाखान्यातली ती खोली लांबट आहे. भिंतीला लागून खाटा, प्रत्येक खाटेशेजारी माणसाच्या छातीएवढे उंच एक यंत्र. आत जाण्याआधी वजनकाट्यावर उभे राहायचे. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळे प्यालेले पाणी अंगातच साठते. मागच्या वेळेपेक्षा वजन जितके किलो वाढले तितके लिटर पाणी अंगात जमले, असा साधा हिशेब. बाजारात पोते तोलावे तसा दाजींचा देह तोलला जातो आणि नर्सताई आकडा वहीत मांडतात.

मग डाव्या हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर यंत्राकडे जाते, दुसरीतून स्वच्छ होऊन परत येते. साध्या शिरेतून एवढे रक्त निघत नाही. म्हणून आधी लहानशी शस्त्रक्रिया करून हातातील धमनी शिरेला जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगून जाड व्हायला महिना-दीड महिना, कधी अधिकही वेळ लागतो. त्या जागी हात ठेवला तर आत काहीतरी सतत घुमत असल्यासारखे वाटते. घुमणे चालू तोवर सगळे ठीक, थांबले तर तसेच दवाखाना गाठायचा. रोज सकाळी उठल्यावर दाजी आधी मनगटाला कान लावतात. त्या हाताने ओझे उचलायचे नाही, त्यावर झोपायचे नाही, त्यातून तपासणीचे रक्त काढू द्यायचे नाही आणि त्यावर रक्तदाबाचा पट्टाही बांधू द्यायचा नाही.

यंत्रात पातळ नळ्यांची एक पुंगळी असते. नळ्यांच्या आतून रक्त वाहते, बाहेरून शुद्ध केलेले क्षारयुक्त पाणी. रक्तातील घाण आणि जादा पाणी नळीच्या भिंतीतून पलीकडे जाते. मिनिटाला साधारण अर्धा लिटर याप्रमाणे चार तासांत सुमारे 120 लिटर पाणी एका माणसासाठी लागते. शरीरात रक्त सारे पाच लिटरच्या आसपास, पण तेच फिरून फिरून साठ-सत्तर लिटर होईल इतके यंत्रातून जाते. एवढे करूनही आठवड्याचे बारा तासच भरतात. देवाने दिलेले मूत्रपिंड आठवड्याचे सगळे 168 तास, झोपेतसुद्धा, बिनबोभाट राबत असते. मुठीएवढा हा गडी घरात होता तोवर आपल्याला त्याचे नावही माहीत नव्हते.

या यंत्राची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 1943 साली हॉलंड देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना कांपेन या लहान गावी विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा बनवले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळली आणि ते पिंप क्षाराच्या पाण्यात फिरवले. सुरुवातीचे बहुतेक रोगी वाचले नाहीत. 1945 साली 67 वर्षांची एक बाई मात्र शुद्धीवर आली. तरीही जन्मभर पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य नव्हते, कारण दर वेळी नवी शीर कुठून आणायची? ते कोडे 1960 साली अमेरिकेत सिएटलच्या डॉ. स्क्रिब्नर यांनी हातात नळी कायम ठेवून सोडवले. 1966 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी फिस्टुलाची रीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली.

खोलीतली माणसेही आता घरच्यासारखी झाली आहेत. विजापूरकडचे एक गृहस्थ कानडी मिसळून मराठी बोलतात. शिरोळकडच्या एक मावशी एका हाताने जपमाळ ओढतात. कॉलेजात जाणारा एक मुलगा उशीला टेकून पुस्तक वाचतो. गप्पा बेदाण्याच्या भावाच्या, पावसाच्या, लेकींच्या लग्नाच्या. शेवटच्या तासाला काहींच्या पायात गोळे येतात, रक्तदाब उतरतो, आणि गप्पा आपोआप थांबतात. एका सोमवारी तिसऱ्या खाटेवर वेगळाच माणूस होता. कुणी काही विचारले नाही. मावशींची माळ मात्र त्या दिवशी बराच वेळ थांबली नाही.

लिटरभर पाण्याचा दिवस

एप्रिल 2016 मध्ये याच मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले होते. पहिली गाडी 12 एप्रिलला पोहोचली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. सबंध शहराची तहान मिरजेने भागवली म्हणून आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. त्याच मिरजेचे डॉक्टर दाजींना सांगतात, दिवसाला लिटरभर पाणी, त्यात चहा, आमटी, ताक सगळे आले.

उन्हाळ्यात बागेत उभे राहणाऱ्या माणसाला लिटरभर पाणी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आक्काने यावर आपली तोड काढली आहे. सकाळीच एक बाटली भरून ठेवते, दाजींनी चहा घेतला की तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाकते. बाटलीत उरेल तेच त्या दिवसाचे. मीठ कमी केल्यावर तहानही कमी झाली. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे घरातून गेले. तोंड कोरडे पडले तर चूळ भरायची, फार झाले तर बर्फाचा लहानसा खडा चघळायचा.

भाजीचीही रीत बदलली. बटाटा, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचे. केळे, शहाळ्याचे पाणी, मोसंबी, बेदाणे बंद. या पदार्थांत पोटॅशियम नावाचा क्षार पुष्कळ असतो. चांगले मूत्रपिंड तो बाहेर टाकते. ते निकामी झाले की क्षार रक्तात साठतो आणि अचानक हृदय बंद पडू शकते. आजाऱ्याला शहाळे नेऊन देण्याची आपली चाल किती प्रेमाची, पण या आजारात तेच घातक ठरते. भेटायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. उलट अंड्याचा पांढरा भाग, डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढा, जरूर खावा. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिने कमी पडून चालत नाहीत.

बेदाण्याच्या मुलखातला हा बागायतदार. शेडवर जाळीवर सुकलेले मणी हातात घेतो, वास घेतो, आणि परत ठेवून देतो.

तंबोऱ्याची गल्ली

दाजी आत असतात ते चार तास मी कधी कधी गावात फिरून काढतो. सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी बनवणारी दुकाने ओळीने आहेत. पूर्वी तलवारी आणि शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा पिढ्यानुपिढ्या चालवला. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा मोठा कडू भोपळा पंढरपूर भागातले शेतकरी पिकवतात, हे मला तिथेच कळले. भोपळा वेलावर पुरता पक्का होऊ द्यावा लागतो, मग वाळवावा लागतो. घाई केली तर तो चिरतो. तिथून जवळ ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे. 1937 साली निवर्तलेले उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावले आहेत, आणि उरुसात गवई तिथे येऊन गातात.

एकदा परत आल्यावर मी दाजींना भोपळ्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "वाट बघायची सवय आपल्याला हाय. पण पेरलं असंल तर वाट बघण्यात अर्थ. माझं पेरलंय का न्हाई, तेच कळंना."

पेरणी कशी करायची?

त्यांचे म्हणणे प्रत्यारोपणाबद्दल होते. डायलिसिसने माणूस जगतो, पण मोकळा होतो तो दुसऱ्याचे मूत्रपिंड मिळाल्यावर. 1954 साली अमेरिकेत बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवले. आपल्या देशात 1971 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवण्यात यश आले. जुनी मूत्रपिंडे बहुधा काढत नाहीत. नवे ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवतात. देणारा एका मूत्रपिंडावर नीट जगू शकतो, मात्र त्याची आधी कसून तपासणी व्हावी लागते आणि पुढेही दरवर्षी तपासणी करावी लागते.

आक्का पहिल्याच दिवशी तयार होती. पण दाजींचा रक्तगट ओ, तिचा बी. ओ गटाचा माणूस सगळ्यांना देऊ शकतो, त्याला मात्र ओ गटाचेच लागते. गट न जुळता बसवण्याची पद्धत आता आहे, पण तिचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. दाजींच्या आईचा गट जुळला, पण त्यांना मधुमेह. धाकट्या भावाचाही गट ओ. तो तयार होता. त्याची बायको रात्रभर रडली. लहान दोन पोरे, सगळी शेती आता त्याच्याच अंगावर. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी आक्काच जावेच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "भाकरी मागून घेता येती गं. ही गोष्ट मागायची न्हवं. कुणी आपणहून दिली तरच घ्यायची. तू मनाला लावून घेऊ नगंस." चूल तुटायची राहिली ती या एका वाक्याने. आपल्याकडे आया आणि बायकाच बहुतेक करून दाता म्हणून पुढे होतात. त्यांनाही कुणी एकदा शांतपणे विचारले पाहिजे, बाई, हे तुझ्या मनातले आहे ना?

मग दाजींचे नाव यादीत गेले. 1994 सालच्या कायद्याप्रमाणे अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. 2011 च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंग आणि जबर दंड आहे. तेव्हा कुणी दलाल भेटून "पैसे टाका, व्यवस्था करतो," म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. जवळच्या नात्यातले देऊ शकतात. दोन कुटुंबांचे गट आपापसात जुळत नसतील तर कायद्याने अदलाबदलीही करता येते. नाहीतर मेंदूमृत दात्याची वाट पाहायची. त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय केंद्रे आहेत. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातर्फे तिथे नाव नोंदले जाते. आमच्याकडची नावे पुण्याला.

यादीत नाव घातले म्हणजे काम संपले असे नाही. फोन रात्रंदिवस चालू हवा. दात हलत असतील, कुठे जखम चिघळत असेल तर आधी बरी करून घ्यायची, लसी घ्यायच्या, तपासण्या वेळेवर द्यायच्या, डायलिसिस चुकवायचे नाही. बोलावणे आले आणि अंगात ताप निघाला तर पाळी पुढच्याकडे जाते. हे सगळे दाजींना समजावल्यावर ते थोडे हसले. म्हणाले, "म्हंजे पेरलंय म्हणायचं. आता राखण करायची."

प्रत्यारोपण झाले तरी जन्मभर औषधे घ्यावी लागतात, कारण शरीर परक्या अवयवाला परकेच समजते. औषधांनी अंगाची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, म्हणून धूळ, शेण, घाण पाणी यांपासून जपावे लागते. पण घोटभर पाणी मनासारखे पिता येते. दाजींना एवढेही पुष्कळ वाटते.

ज्याच्या त्याच्या घरचा दिवा

एक गोष्ट दाजींच्या आईंना फार दिवस सलत होती. "दुसऱ्याच्या घरचा दिवा विझल्यावर आपल्याकडं उजेड व्हायचा, तर देवापुढं मागू तरी काय?" असे त्या म्हणत. त्यांना उत्तर दिले ते दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी. त्या म्हणाल्या, "आजी, तो दिवा कुणाच्या मागण्यानं विझत नाही. अपघातात डोक्याला मार लागतो, मेंदू कायमचा मरतो, श्वास नुसता यंत्रावर चालतो. चार डॉक्टर, निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून मगच तसं लिहून देतात. तो माणूस परत येणार नसतोच. त्याच्या घरच्यांना तेवढ्या दुःखात दुसऱ्याचं सुचलं, तर मूत्रपिंडं दोघांच्या घरी जातात." पुढे त्यांनी हेही सांगितले की घरच्यांना यात पैसा द्यावा लागत नाही, घेताही येत नाही, आणि देह नीट शिवून, मानाने अंत्यविधीसाठी परत मिळतो.

तेव्हापासून आजी सांजेला दिवा लावताना वेगळेच म्हणतात, "ज्याच्या घरी आज रडारड हाय, त्याला धीर दे बाबा."

मंडळी, दाजींसारखी पाळी कुणावर येऊ नये, यासाठी करण्यासारखे थोडे आहे आणि ते स्वस्त आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. कंबर दुखली, डोके दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाऊ नयेत. मुतखडा अंगावर काढू नये. घोणस चावली तर तिच्या विषानेही मूत्रपिंडे बंद पडतात, पण वेळेवर दवाखाना आणि काही दिवसांचे डायलिसिस मिळाले तर ती बहुधा पुन्हा सुरू होतात. म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यांनी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, आणि एसटीच्या प्रवास सवलतीची आगारात चौकशी करावी.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. रात्री जेवणे उरकून सगळे ओसरीवर बसलेले असतात, तेव्हा एकदा बोलून ठेवावे, उद्या माझे असे काही झाले तर माझे अवयव द्या. ऐन वेळी दवाखान्याच्या दारात घरच्यांना हा निर्णय फार जड जातो. आधी कानावर असेल तर "त्याची इच्छा होती," एवढे म्हणून ते सही करू शकतात. मग पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या कुणा एकाची मिरजेची वारी संपते आणि तो सरळ आपल्या बागेत छाटणीला जातो.